इंग्लंडच्या खेड्यांतून फिरताना शाकाहारी जेवणाचे गणित कसे जमवावे?

दिंडीरस्ता

येत्या सप्टेंबरमध्ये मी, पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि माझे आईवडील असे पाच जण भाड्याच्या मोटारीने आठ दिवस पीक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशर डेल्स आणि लेक डिस्ट्रिक्ट या भागांत फिरणार आहोत. राहण्याची व्यवस्था झाली आहे. प्रश्न जेवणाचा आहे. वडील अंडे खातात, परंतु आई माळकरी असल्याने तिला मांस, मासे, अंडे आणि अर्थातच मद्य यांपैकी काहीही चालत नाही. नकाशावर पाहिले असता पुष्कळ गावांत जेवणाचे एकच ठिकाण दिसते आणि ते पब असते. 'पब' म्हटल्यावर आईच्या डोळ्यांसमोर गुत्ताच येतो, त्यामुळे आपण गाडीत बसून दशम्या खाऊ, असे तिने आताच जाहीर केले आहे. तिला तेथे बसणे प्रशस्त वाटेल का आणि तिच्या ताटात नक्की काय पडेल, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे.

डेल्समधली_सून

मी सोळा वर्षे यॉर्कशरमध्ये राहत आहे आणि माझ्या सासूबाईंनीही पहिल्या भेटीत हेच म्हटले होते. पब हे 'पब्लिक हाऊस' या शब्दाचे लघुरूप आहे, आणि खेड्यातला पब आपल्या गुत्त्यापेक्षा चावडीच्या अधिक जवळचा असतो, एवढे आईंना सांगा. दुपारी तेथे आजीआजोबा नातवंडांसह जेवत असतात, शेकोटीपाशी एखादा कुत्रा पसरलेला असतो, आणि चहा-कॉफी मागितल्यास कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत. कम्ब्रियातील हेस्केट न्यूमार्केट या गावचा 'ओल्ड क्राउन' हा पब तर 2003 साली गावकऱ्यांनी आणि हितचिंतकांनी सहकारी तत्त्वावर विकत घेतला. साखर कारखान्यांच्या प्रदेशातून येणाऱ्या तुमच्या वडिलांना ही गोष्ट आवडेल. मुलीला सोबत नेण्यास सहसा अडचण नसते, मात्र रात्री आठ-नऊनंतर मुलांनी बारच्या भागात थांबू नये, असा नियम अनेक ठिकाणी असतो.

खरी अडचण घड्याळाची आहे. पब दिवसभर उघडा असला तरी त्याचे स्वयंपाकघर उघडे असेलच असे नाही. दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन किंवा अडीच आणि संध्याकाळचे सहा ते साडेआठ-नऊ एवढ्याच वेळात मिळते. मधल्या काळात बारवर पेये आणि वेफर्सची पाकिटे यांखेरीज फारसे काही नसते. एकदा डोंगर उतरून आम्ही अडीच वाजून दहा मिनिटांनी एका पबच्या दारात पोहोचलो, तेव्हा आतला आचारी एप्रन काढून निवांत बसलेला आम्हाला दिसत होता, तरीही आम्ही चौघांनी शेंगदाणे खाऊन दुपार काढली. रविवारी दुपारी भाजलेले मांस, भाजलेले बटाटे आणि रश्शाचे खास जेवण असते, त्यासाठी बऱ्याच ठिकाणी आधी टेबल राखून ठेवावे लागते, आणि ते उरकले की त्या संध्याकाळी पुष्कळ स्वयंपाकघरे बंद राहतात. सोमवारी तर काही पबच बंद असतात. म्हणून सकाळी निघण्यापूर्वीच दूरध्वनी करा, कारण डेल्समधील दऱ्यांत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

आत गेल्यावर वेटरची वाट पाहत बसू नका. रिकामे टेबल शोधावे, त्यावरचा क्रमांक लक्षात ठेवावा आणि बारवर जाऊन मागणी नोंदवावी. बहुधा पैसेही तेथेच आधी द्यावे लागतात. पिण्याचे साधे पाणी मागितल्यास ते विनामूल्य देणे परवानाधारकाला बंधनकारक आहे, तेव्हा बाटली विकत घेण्याची गरज नाही.

बिनअंड्याचा_केक

वेळेविषयी वर सांगितलेले सर्व खरे आहे. मी फक्त ताटाविषयी लिहितो, कारण त्यात मी स्वतः फसलेलो आहे. मेन्यूवर पदार्थापुढे 'व्ही' असे अक्षर असले म्हणजे त्यात मांस व मासे नाहीत एवढाच अर्थ होतो. अंडे असू शकते, कारण इंग्रजी व्याख्येत अंडे शाकाहारी आहे. म्हणून आईंसाठी 'व्हीगन' अशी खूण शोधा. त्या पदार्थात दूधदुभतेही नसते, त्यामुळे निवड आखडते, पण अंड्याविषयीचा संशय मिटतो. भाजलेला सबंध बटाटा आणि त्यावर टोमॅटोच्या रसातील बीन्स हा पदार्थ दुपारी बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि तो आईंना चालेल. यॉर्कशर पुडिंग मात्र अंडे, मैदा आणि दुधाचे असते, तेव्हा नाव ऐकून फसू नका.

अनेकांच्या लक्षात न येणारी बाब म्हणजे मद्य. 'व्हीगन' या खुणेचा मद्याशी काहीही संबंध नाही. मशरूम भरून भाजलेल्या 'पाय' या पदार्थात एल म्हणजे बिअर घातलेली असू शकते, सॉसमध्ये वाइन असू शकते, ट्रायफल या थरांच्या गोड पदार्थात शेरी नावाची वाइन असू शकते. माळकरी व्यक्तीसाठी हा प्रश्न स्वतंत्रपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारावा लागेल. वुस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे मासे असतात, हेही ध्यानात ठेवा. तसेच यॉर्कशरमधील मासे-चिप्सच्या दुकानांत बटाटे अनेकदा गोमांसाच्या चरबीत तळतात. पबमध्ये बहुधा वनस्पती तेल असते, पण मासे त्याच कढईत तळले जातात का, हे विचारण्यात संकोच करू नका. अंडे, दूध, मासे यांसह चौदा घटकांची माहिती ग्राहकाला देणे येथील कायद्याने आवश्यक आहे, त्यामुळे कर्मचाऱ्यांना अशा प्रश्नांची सवय असते.

गोडाच्या बाबतीत एक दिलासा आहे. सफरचंदाचे क्रम्बल हे पीठ, लोणी आणि साखर यांचेच असते. त्यावरच्या कस्टर्डविषयी तेवढे विचारा. आल्फ्रेड बर्ड या बर्मिंगहॅमच्या औषधविक्रेत्याने पत्नीला अंडे सोसत नसल्यामुळे 1837 साली कस्टर्डची बिनअंड्याची भुकटी तयार केली, आणि जेथे ती भुकटी वापरतात तेथे आईंनी निःशंक खावे. ताजे कस्टर्ड मात्र अंड्याच्या बलकाचे असते.

घाटमाथा

वरील दोघांशी थोडा मतभेद नोंदवतो. पाच माणसांनी आठ दिवस रोज रात्री पबमध्ये जेवण्याचा हट्ट धरू नये. मुख्य जेवण दुपारी पबमध्ये करावे आणि रात्रीसाठी गावच्या दुकानातून पाव, चीज, फळे व सूप घेऊन मुक्कामी खावे. रविवारी मोठी दुकाने कायद्यानुसार सहा तासच उघडी असतात, म्हणून खरेदी शनिवारीच उरकावी. चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे द्रव्य, असू शकते, तेव्हा वेष्टनावर 'शाकाहारी' असे लिहिलेले पाहून घ्यावे. भारतातून तूप, पेढे असे दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. चटणी आणि मेतकूट आणावे. बाजाराच्या गावांत बहुधा एखादे 'इंडियन' उपाहारगृह असते, त्याचे मालक पुष्कळदा मूळचे बांगलादेशातील सिल्हेटचे असतात, आणि पबचे स्वयंपाकघर बंद झाल्यावरही तेथे डाळभात मिळू शकतो. आणि जो गाडी चालवणार आहे त्याने एक पाइंट, म्हणजे 568 मिलिलिटर बिअर घेण्याचा मोह टाळावा. अरुंद दगडी भिंतींच्या रस्त्यांवर तो परवडत नाही.

दिंडीरस्ता

सर्वांचे आभार. मद्याचा मुद्दा आमच्या मुळीच लक्षात आला नव्हता. आईला चावडीची उपमा पटली; 'चावडीत बसायला माझी हरकत नाही, मात्र कुत्रा लांब बांधायला सांगा,' असे तिचे म्हणणे आहे. आमचा रविवार लेक डिस्ट्रिक्टमध्ये येतो. त्या रात्रीचे काय करावे, आणि बक्षिशी किती द्यावी?

डेल्समधली_सून

बारवर मागणी नोंदवली असेल तर बक्षिशी अपेक्षित नसते. टेबलावर येऊन कोणी वाढले, तर दहा टक्के पुरेत, मात्र बिलात सेवाशुल्क आधीच लावले आहे का ते पाहा. रविवारी रात्री अँबलसाइडला मुक्काम असल्यास 'झेफिरेलीज' या शाकाहारी उपाहारगृहात टेबल आताच राखून ठेवा. तेथे चित्रपटगृहही आहे, त्यामुळे पाऊस लागला तरी मुलीची सोय होईल. इटालियन पदार्थ असल्याने चीज आणि वाइन यांविषयी मात्र तेथेही विचारा. कुत्र्याचे सांगायचे, तर तो बहुधा बांधलेला नसतो. आईंना शेकोटीपासून दूरचे, खिडकीजवळचे टेबल द्या.