अनुभव धागा: पुस्तक छापून हातात येईपर्यंत

पुस्तकांच्या कामात मला बरीच वर्षं झाली. हस्तलिखितं वाचायची, त्यांवर काम करायचं आणि बऱ्याचदा ती परत पाठवायची, हे माझं काम. घरी कुणी विचारलं, "आज दिवसभर काय केलंस?" तर नीट सांगता येत नाही. एक परिच्छेद दोन पानं अलीकडे आणला, तीन ठिकाणचा 'परंतु' काढला, लेखकाशी पाऊण तास फोनवर बोलले आणि त्यातला एक 'परंतु' परत घातला. वाचकाला यातलं काही दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. पण आपण हे काम करणाऱ्यांनी तरी एकमेकांना ते सांगावं असं मला फार दिवसांपासून वाटतंय, म्हणून हा धागा. एखादा दिवस, एखादी चूक, मनातून न जाणारं एखादं पान, जे असेल ते लिहा. संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, छपाई, बांधणी, गोदाम, कुठेही असा. चार ओळी लिहिल्यात तरी चालेल.

माझ्यापासून सुरुवात करते.

साभार परतीच्या पत्राचा आमच्याकडे एक ठरलेला मजकूर होता. 'आपले लेखन वाचले. सध्याच्या प्रकाशनयोजनेत ते बसत नसल्याने साभार परत करीत आहोत.' एका लेखिकेला तिच्या कादंबरीच्या बाडासोबत हेच पत्र गेलं. आठवड्याने तिचं एका ओळीचं उत्तर आलं : "आपण कितव्या पानापर्यंत वाचलंत?" त्यात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी माझी टिपणं काढून पाहिली. ३८. बाड तीनशेच्या वर पानांचं होतं, आणि 'आपले लेखन वाचले' याखाली सही माझी होती.

तिला खरा आकडा कळवला, बाड पुन्हा मागवून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. निर्णय बदलला नाही. मात्र दुसऱ्या पत्रात मला हे लिहिता आलं, की गोष्ट ११२व्या पानावर सुरू होते, थोरली बहीण घराची किल्ली परत करायला येते तिथे. त्याआधीची पानं तुम्ही स्वतःला ही माणसं कळावीत म्हणून लिहिली आहेत, ती वाया गेलेली नाहीत, पण पुस्तकात नकोत. तेव्हापासून प्रत्येक बाडाच्या पहिल्या कागदावर मी कुठवर वाचलं तो आकडा पेन्सिलीने लिहून ठेवते. पूर्ण वाचलं नसेल तर पत्रात 'वाचले' हा शब्द येऊ देत नाही.

आता तुम्ही लिहा.

मुद्रितशोधक

मी प्रुफं, म्हणजे छपाईआधीचे कच्चे छापे, तपासते. एका जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती निघत होती. मजकूर आधी जुन्या फाँटमध्ये होता, तो युनिकोडमध्ये आणला होता. पहिलं प्रूफ स्वच्छ वाटलं. काना, मात्रा, वेलांट्या सगळं जागच्या जागी. दुसऱ्या वाचनात एका वाक्यावर अडखळले : स्वयंपाकघरात उभे राहून आचार्यांनी मदतनिसाला हाक मारली. आचार्य तिथे काय करत होते? माणूस आचारी होता. 'आचाऱ्यांनी' हवं होतं. रूपांतर करताना अर्धा र, ज्याला आम्ही चंद्रकोरीसारखा र म्हणतो, तो काही ठिकाणी रफार होऊन बसला होता.

'पुऱ्या'चं 'पुर्या' झालं तर ते लगेच खुपतं. 'आचार्य' मात्र अगदी शुद्ध शब्द आहे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारी प्रणालीही तिथे थांबत नाही. मी अख्खं पुस्तक फक्त रफारांसाठी पुन्हा वाचलं, ओळीवर पट्टी ठेवून. अर्थाकडे लक्ष जाऊ नये म्हणून शेवटच्या पानापासून पहिल्याकडे गेले. अशा सत्तावीस जागा निघाल्या.

तेव्हापासून मी एकाच वाचनात सगळं बघत नाही. एक फेरी फक्त शीर्षकांची, एक पृष्ठांकांची आणि अनुक्रमणिका ताडून बघण्याची, मग मजकुराची. नव्याने या कामात येणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, की सगळ्यात मोठ्या टायपातला मजकूर सगळ्यात सावकाश वाचा. मुखपृष्ठावरची चूक पाच माणसांच्या नजरेखालून जाते, कारण ते आपण वाचतच नाही, नुसतं बघतो.

आणखी एक. जुन्या पुस्तकांत 'तें', 'घरें' असे अनुस्वार असतात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम आले, त्यांत न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पुनर्मुद्रणात ते ठेवायचे की काढायचे, यावर आमच्याकडे दर वेळी वाद होतो. मी ठेवण्याच्या बाजूची आहे, निदान कवितेत तरी. कवीने ती ओळ डोळ्यांसमोर जशी पाहिली होती तशी ती राहावी.

पूर्वी कंपोझिटर, आता निवृत्त

वर अर्ध्या र विषयी वाचलं आणि हात आपोआप खणाकडे गेला. मी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचो. देवनागरीचे खिळे रोमनसारखे थोडके नसतात. अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, रफार, मात्रा, उकार वेगळे. केस, म्हणजे खिळ्यांच्या खणांची पेटी, समोर उभी आणि आजूबाजूलाही. उजव्या हाताने खिळा उचलायचा आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, बसवायचा. अक्षर उलटं वाचायची इतकी सवय, की आरशात दिसणारी पाटी मी आजही सरळ वाचतो.

लोकांना वाटतं जुळणी अवघड. माझ्या मते खरी कसोटी छपाई झाल्यावर लागायची, खिळे सोडताना. प्रत्येक खिळा धुऊन त्याच्या त्याच्या खणात परत गेला पाहिजे. दिवस संपत आलेला, हात दमलेले, आणि 'घ'च्या खणात एक 'ध' पडला, की ती चूक तिथे गप्प बसून राहायची. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकात 'घर'चं 'धर' व्हायचं. म्हणून मी जुळणीपेक्षा सोडणी हळू करायचो. एकदा मालक यावरून बोलले होते. मी वेग वाढवला नाही.

निर्मिती बघणारा

माझी गोष्ट पावणेतीन मिलिमीटरची आहे.

२७२ पृष्ठांचं पुस्तक, सोळा पृष्ठांचा एक असे सतरा फॉर्म (एकत्र छापून दुमडलेले कागद), बरोबर बसलेले. २७२ पृष्ठं म्हणजे १३६ पानं. ठरलेल्या कागदाचं एक पान ०.१० मिलिमीटर जाडीचं, म्हणजे कणा, पुस्तकाची बांधलेली कड, १३.६. त्या मापाने मुखपृष्ठ तयार केलं आणि ते आधी छापून ठेवलं. आतल्या मजकुराच्या छपाईची वेळ आली तेव्हा तो कागद मिळेना. दुसरा मिळाला तो ०.०८ चा. रंग तोच, स्पर्श जवळपास तोच. मी फोनवर हो म्हणालो. कणा झाला १०.९. पुस्तकं बांधून आली आणि कण्यावरच्या पट्टीची लाल कड सगळ्या प्रतींवर पुढच्या बाजूला सरकलेली. लेखक प्रत हातात घेऊन बराच वेळ नुसता कडेवरून अंगठा फिरवत राहिला. काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आता मी छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी बांधलेली प्रत आधी मागतो, आणि ती मोजल्याशिवाय मुखपृष्ठाची फाइल सोडत नाही. त्याच कोऱ्या प्रतीत कागदातल्या तंतूंची दिशाही कळते. तंतू कण्याला समांतर नसतील तर पुस्तक उघडं राहत नाही, वाचणाऱ्याला ते दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं. वाचक म्हणतो, "पुस्तक जड गेलं." मजकूर तर हलका होता!

रंगीत पुस्तकं करणाऱ्यांसाठी एक सूचना. मजकुराचा काळा फक्त काळ्याच शाईचा ठेवा. चार शाया मिळून केलेला काळा पडद्यावर तसाच दिसतो, पण छापताना एखादी प्लेट केसभर जरी हलली तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. मुलांच्या पुस्तकात हे झालं, तर वाचायला शिकणाऱ्या मुलाला वाटतं की आपल्यालाच अक्षर नीट दिसत नाही.

अनुवादाचं संपादन करणारी

इंग्रजी कादंबरीत 'अंकल' होता. आमच्या अनुवादकाने पहिल्या प्रकरणात काका केला, सातव्यात मामा. चूक त्याची नव्हती. पहिल्या प्रकरणात तो माणूस वडिलांच्या घरी राहायचा आणि सातव्यात आईच्या बालपणाबद्दल बोलायचा. लेखिकेलाच विचारलं : हा आईचा भाऊ की वडिलांचा? तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की पुस्तक लिहून आठ वर्षं झाली, हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता आणि तिच्याही मनात आला नव्हता. विचार करून ती म्हणाली, आईचा. मग मामा झाला, आणि त्याचं भाचीला पाठीशी घालणं आम्हाला एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

त्याहून मोठा प्रश्न होता तो नायक-नायिकेचा. इंग्रजीत दोघं पहिल्यापासून 'यू'. मराठीत अहो-जाहोवरून अरे-तुरेवर कधी यायचं? अनुवादक म्हणत होता, पहिल्या भांडणात. मला वाटत होतं भांडणानंतर, ती त्याला नुसतं "दार लाव" म्हणते तिथे. दोन दिवस आम्ही दोघं त्या प्रकरणाच्या प्रिंटा घेऊन बसलो होतो. शेवटी "दार लाव" राहिलं. मूळ पुस्तकात तो क्षण नाही, पण मराठी वाचकाला तो लागतो.

अक्षरजुळणी आणि मांडणी

चारच ओळी. इंग्रजीतलं पाहून लेखक सांगतात, "हा मजकूर तिरका करा." तिरका टाइप १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मानुशिअस या प्रकाशकाच्या पुस्तकांत आला, तो तिथल्या हस्ताक्षरावरून घडवला होता. आपल्या अक्षराला शिरोरेघ आहे. संगणकाने नुसतं ढकलून तिरकं केलं की दंड कलतात आणि काने पडल्यासारखे दिसतात. त्यासाठी अवतरणचिन्हं आहेत, जाड टाइप आहे, परिच्छेद थोडा आत घेता येतो. मी दर वेळी दोन्ही नमुने छापून लेखकासमोर ठेवते. आजवर फक्त एकाने तिरकाच निवडला.

गोदाम आणि रवानगी

मला लिहायची सवय नाही, पण बोलावलंत म्हणून लिहितो.

पुस्तक आमच्याकडे येतं ते गठ्ठ्याने. तुम्ही सगळे पानापानाचं बोललात, मी गठ्ठ्याचं सांगतो. परत आलेल्या प्रती वेगळ्या लावायच्या. कोपरे दबलेले असतात, कुणी वर नाव लिहून खोडलेलं असतं. ज्या विकण्यासारख्या नसतात त्या वर्षाअखेरी लगद्याला जातात. त्या दिवशी मी ट्रकपाशी थांबत नाही, मदतनिसाला उभा करतो.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, स्टिकर लावायचं कामही कधीकधी माझ्याकडे येतं. २००७ पासून तो १३ आकडी झाला. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो : पहिले बारा आकडे आलटूनपालटून एकाने आणि तिनाने गुणायचे, बेरीज करायची, आणि शेवटचा आकडा मिळवला की दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. मी हे कागदावर करून बघतो. एकदा भाग गेला नाही. स्टिकर छापणाऱ्याने शेजारशेजारच्या ४ आणि ८ यांची अदलाबदल केली होती. संगणकाने ते पुस्तक कुठल्याच दुकानात घेतलं नसतं.

पण मला आवडतं ते काम वेगळं. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या काही प्रती ग्रंथालयांना कायद्याने द्याव्या लागतात. संपादकबाईंनी मला एकदा सांगितलं, की हा नियम पहिल्यांदा १५३७ साली फ्रान्सच्या राजाने काढला. तेव्हापासून मी त्या प्रती गठ्ठ्यातल्या वरच्या काढत नाही. वरच्यांना दोरीचा वळ असतो. मधल्या काढतो, कोपरे बघतो, आणि प्रत्येक फॉर्म चाळतो, कारण आमच्याकडची सगळी रद्दीत गेली तरी ही प्रत तिथे असणार आहे.

गेल्या वेळी अशीच एक कवितांची प्रत चाळत होतो. ४८व्या पृष्ठानंतर पुन्हा ३३ आलं. एक फॉर्म दोनदा बांधला गेला होता आणि त्यापुढचा राहिलाच होता, सोळा पृष्ठं. त्या गठ्ठ्यातल्या सगळ्या प्रती उघडून बघितल्या. तशा अकरा निघाल्या. त्या बाजूला ठेवल्या, बांधणीवाल्यांना फोन केला, आणि मग बारावी प्रत कागदात गुंडाळून पत्ता लिहिला.