जर्मनीला जाताना पहिल्या महिन्यासाठी हाताशी किती पैसे ठेवावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलीला डॉर्टमुंडला मास्टर्सची ॲडमिशन मिळालीये, ऑक्टोबरपासून सुरू होईल. आम्ही सांगलीचे, घरातून परदेशात जाणारी ती पहिलीच त्यामुळे विचारायला जवळचं असं कुणी नाही. सरकारी विद्यापीठ आहे, ट्यूशन फी नाही म्हणून आम्हाला हे झेपेल असं वाटलं होतं.

कन्सल्टन्सीवाल्यांनी खर्चाचा एक कागद दिला त्यात ब्लॉक अकाउंटचे (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे आधीच भरून ठेवायचे, ते मग महिन्याला थोडे थोडे मिळतात) ११,९०४ युरो, विमानाचं तिकीट, व्हिसाचे ७५ युरो, बस एवढंच. त्याआधी एपीएसचे (व्हिसासाठी शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला) १८,००० रुपये गेले, युनि-असिस्टमधून (तिकडच्या विद्यापीठांसाठी अर्ज स्वीकारणारी संस्था) सहा अर्ज केले त्याचे पहिल्याला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ३० असे २२५ युरो गेले, ते कागदावर कुठेच नाहीत. ते गेले ते गेले. पण परवा माझ्या जावेच्या भाच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं, तो दोन वर्षं तिकडे आहे, आणि त्यानंतर मला झोप नाही.

तो म्हणाला काकू, ब्लॉकचे पैसे गेल्या गेल्या हातात येत नाहीत. तिथे पत्ता नोंदवायचा, बँकेत खातं उघडायचं, मग महिन्याला ९९२ युरो येणार, आणि खरा खर्च तर पहिल्याच महिन्यात असतो. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं मागू शकतात, म्हणजे ३५० ची खोली धरली तरी १,०५० आणि वर पहिलं भाडं. जाहिरातीत भाडं दिसतं ते बरेचदा 'काल्ट' असतं, हीटिंग पाण्याचे वेगळे, म्हणून 'वार्म' म्हणजे ते सगळं धरून किती तेच विचारायचं. हेल्थ इन्शुरन्स महिन्याला १४०-१५० च्या आसपास. सेमिस्टरची फी तीनशेच्या वर, पण बस-ट्रेनचं तिकीट त्यातच येतं म्हणे म्हणून तिचं एवढं वाटत नाही. रेसिडेन्स परमिटचे शंभरेक. आणि रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी, फक्त ते घरटी एकदाच असल्यामुळे रूममेट्समध्ये वाटून घेता येतात.

त्याने स्वतःच्या खोलीचा पहिल्या दिवशीचा फोटो पाठवला. छतातून दोन वायरी लोंबतायत, दिवा नाही, खाली फरशीवर बॅगेतले स्वेटर पसरून त्याची उशी केलेली. रविवार होता, दुकानं बंद, मोबाइलच्या टॉर्चवर आईने दिलेल्या दशम्या खाल्ल्या म्हणाला. तो फोटो मी ह्यांना दाखवलाच नाही अजून.

लोन १५ लाखाचं मंजूर झालंय. पण ते रुपयात आहे आणि खर्च युरोत, युरो पाच रुपयांनी वाढला की नुसत्या ब्लॉकच्या रकमेत साठ हजाराचा फरक पडतो, हे मी वहीत मांडून बघितलं तेव्हा कळलं. मुलगी म्हणते आई मी पार्टटाइम करीन. करेल ती, पण भाषा येत नाही तोवर पहिले चार-सहा महिने तिच्या कमाईवर एक रुपयाही धरायचा नाही असं मी ठरवलंय, तिने आधी अभ्यासात रुळावं.

आता तुमच्याकडून हवंय ते सांगते. ब्लॉकच्या रकमेशिवाय २,००० युरो बरोबर द्यावेत असं माझ्या हिशेबाने येतंय, ते पुरतील का? ते कॅश द्यावेत की फॉरेक्स कार्डवर, आणि डिपॉझिट कार्डवरून भरता येतं का? विद्यार्थी वसतिगृहात डिपॉझिट कमी असतं का, तिचा नंबर अजून वेटिंगवर आहे. तिला -४.५ चा चष्मा आहे आणि तिथला इन्शुरन्स चष्म्याचे पैसे देत नाही असं ऐकलं, म्हणून इथूनच दोन जोड करून देतेय, दातही दाखवून घेतले. अजून असं काय इथूनच उरकून टाकावं?

आणि ज्यांची मुलं डॉर्टमुंड, बोखुम, एसेन भागात आहेत त्यांनी पहिल्या महिन्यात खरोखर किती लागले तो आकडा सांगितला तर फार उपकार होतील. कमी करून सांगू नका. अजून दीड महिना आहे, माझ्या पाटल्या मोडायच्या झाल्या तर आत्ताच मोडते, ती तिकडे पोचल्यावर धावाधाव नको.