केंब्रिजला गणितासाठी फॉर्म भरतेय, कॉलेज कोणतं टाकू?

मेहकरची_पोरगी
नमस्कार सगळ्यांना. मी मेहकर तालुक्यातली, यंदा बारावी सायन्स, गावातून एसटीनं ज्युनियर कॉलेजले जाते. गणित सोडून दुसरं काही करायची इच्छाच नाही मले. केंब्रिजच्या गणिताच्या डिग्रीसाठी फॉर्म भरतेय, मामा तिकडंच असतात, खर्चाचं पाहू म्हणाले. पण फॉर्ममध्ये कॉलेजही निवडा म्हणते आणि कॉलेजं आहेत २९! ट्रिनिटी टाकावं तर सगळे हुशार तिथंच जातात म्हणे, लहानसं कॉलेज टाकावं तर शिकवणं कमी पडलं तर? बाबा म्हणतात मुलींचंच कॉलेज पाहा. १५ ऑक्टोबर शेवटची तारीख आहे अन् मी रोज रात्री वेबसाइटीच पाहत बसते, गणितं तशीच राहतात. कोणी सांगेल का?

खामगावचे_सर
बेटा, आधी वेबसाइटी बंद कर. आपल्याकडं कॉलेज बदललं की शिकवणारे बदलतात, तिथं तसं नाही. लेक्चर सगळ्या कॉलेजच्या पोरांना एकत्र, ते युनिव्हर्सिटी घेते, पेपर एकच, डिग्री एकच. कॉलेजकडं राहणं-जेवण आणि सुपरव्हिजन, म्हणजे साधारण दोन पोरं अन् एक शिकवणारा, तासभर बसून तुम्ही सोडवून दिलेल्या गणितांवर बोलायचं, अन् हे प्रत्येक कॉलेजात होते. रामानुजन १९१४ ला ट्रिनिटीत गेले हे सगळ्यायले माहीत आहे, पण रँग्लर परांजपे सेंट जॉन्सचे, १८९९ चे सिनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले. आणि आपले जयंत नारळीकर फिट्झविल्यम हाउसचे, तेव्हा त्याले पूर्ण कॉलेजचा दर्जाही नव्हता, तरी १९५९ ला सिनियर रँग्लर झालेच ना. म्हणून लहान कॉलेज म्हणजे कमी शिकवणं, हे मनातून काढून टाक.

पुसदचा_पोट्टा
मी तिथं मास्टर्स केलं म्हणून सांगतो. सरांचं बरोबर आहे, पण काही गोष्टी बघूनच कॉलेज टाक. ह्यूजेस हॉल, सेंट एडमंड्स अन् वोल्फसन २१ वर्षांच्या पुढच्यायलेच घेतात, ते आताच खोडून टाक. मुलींसाठी न्यूनहॅम आणि मरे एडवर्ड्स आहेत, बाबांना तेवढं सांग, पण लेक्चरले मुलं-मुली एकत्रच असतात हेही सांग, नंतर कळलं तर उगाच घरात वाद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे. बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्याले युनिव्हर्सिटीच्या फीवर कॉलेजची वेगळी फी द्यावी लागते आणि ती कॉलेजगणिक कमीजास्त असते, त्यात तिन्ही वर्षं कॉलेजची खोली मिळते का, भाडं किती, हे धरून मामांसोबत बसून हिशोब कर, सगळं मिळून वर्षाले पन्नास लाखाच्या वर जाते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मास्टर्स आणि पीएचडीसाठी आहे, त्या भरवशावर राहू नको.

ट्रिनिटीचं म्हणशील तर गणिताची पोरं सगळ्यात जास्त तेच घेतात अन् अर्जही तिथंच धो धो येतात. पण चांगल्या पोराले तुझ्या कॉलेजात जागा नाही उरली तर त्याचा अर्ज जानेवारीत पूलमध्ये जाते, दुसरं कॉलेज तिथून उचलते. काहीच ठरत नसेल तर ओपन अर्ज कर, कॉम्प्युटर कॉलेज देते. खरी चाळणी तर स्टेपची, म्हणजे गणिताच्या वेगळ्या प्रवेश परीक्षेची आहे, सहसा स्टेप २ अन् स्टेप ३ दोन्हीत ग्रेड १ मागतात.

मेहकरची_पोरगी
लय आभार दादा, सर. स्टेपचे जुने पेपर पाहिले, एक गणित घेऊन बसले तर रात्र निघून गेली, अर्धंच झालं. बोर्डाचे तर पटापट सुटतात. हे नॉर्मल आहे का? आणि आमच्या कॉलेजच्या सरांना रेफरन्स काय असते तेच माहीत नाही.

पुसदचा_पोट्टा
एकदम नॉर्मल. तीन तासांत १२ प्रश्न, त्यातले चांगले सहाच मोजतात, म्हणजे एकाले अर्धा तास. बोर्ड म्हणते इंटिग्रल काढा, अन् स्टेप म्हणते आधी हे सिद्ध करा, मग तेच वापरून पुढचं काढा, मग विचारते की हे कोणत्या किमतीला चालत नाही. शेवटच्या ओळीत अडकली की पहिल्या भागात काय सिद्ध केलं ते पुन्हा वाच, बहुतेक वेळा किल्ली तिथंच असते. हायपरबोलिक फंक्शन आपल्या पुस्तकात नाहीत, ते वेगळे शिकून घे. केंब्रिजचाच स्टेप सपोर्ट प्रोग्राम फुकट आहे, तिथून क्रमानं कर.

वर्ध्याची_ताई
रेफरन्सचं मी सांगते. सरांना इंग्रजीत लिहावं लागेल की तू वर्गात कशी आहेस, आणि बारावीत किती टक्के अपेक्षित आहेत. तुझ्या अकरावीच्या मार्कशीटची अन् सराव पेपरांची झेरॉक्स त्यांच्या हातात दे, म्हणजे आकडा लिहायला ते घाबरणार नाहीत. हे काम याच आठवड्यात कर, दिवाळीच्या आधी शाळा-कॉलेजात कोणी हाती लागत नाही. मुलाखत डिसेंबरात असते, बाहेरच्यांची बहुतेक ऑनलाइन, तर लाइट आणि नेट पक्कं असेल अशी जागा मेहकर नाहीतर बुलढाण्यात आताच बघून ठेव.

आणि बाई, आपल्याकडच्या आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) अन् सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) चे फॉर्म सोडू नको. आयएसआयचं बी.मॅथ बंगळुरूले, बी.स्टॅट कोलकात्याले, शिकवणीची फी नाही, उलट स्टायपेंड मिळते. सीएमआय चेन्नईजवळ. दोन्हीकडं लेखी सिद्धता मागतात, म्हणजे स्टेपचीच तयारी कामी येते, वेगळा अभ्यास फार लागत नाही. बाबांना शेतीच्या पैशातून जमेल असा हा रस्ता आहे, त्यांच्यासमोर दोन्ही ठेव.

मेहकरची_पोरगी
उद्याच सरांना भेटते ताई. कॉलेजचं मामांसोबत फी पाहून न्यूनहॅम नाहीतर ओपन, असं ठरवतेय.