मदत हवी आहे: पाणीपट्टी दुप्पट झाली, नळाला मीटर बसवावा का? (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. घरात आम्ही चौघं: सासूबाई, आम्ही दोघं आणि नववीतला मुलगा. दोन वर्षांपूर्वी नळाची पट्टी वर्षाला 1,200 रुपये होती. गेल्या वर्षी 1,800 झाली आणि यंदा 2,400 ची मागणी आलीय. सोबत एक अर्ज दिलाय: ठोक पट्टी नको असेल तर स्वखर्चाने मीटर बसवा, मग महिन्याला स्थिर आकार 40 रुपये आणि दर युनिटला, म्हणजे हजार लिटरला, 18 रुपये. 1 मेच्या ग्रामसभेत विषय आहे. त्याआधी आम्हाला काय ते ठरवायचंय.

पट्टी का वाढली हे मला कळतं. नदीकाठच्या विहिरीतून पंपाने पाणी सड्यावरच्या टाकीत चढवायचं, तिथून उताराने वाड्यांना सोडायचं. पंपाचं वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, फुटलेल्या पाइपांची दुरुस्ती सगळं यातूनच. आपल्याकडे पाऊस 3,000 मिलिमीटरच्या वर, पण जांभ्यातून झिरपून खाडीला जातो आणि एप्रिलात आपण कोरडे. त्यामुळे पट्टी भरायला माझी ना नाही. कशी भरायची एवढंच विचारतेय.

आधी मोजमाप केलं. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, पाऊण तास. वीस लिटरची बादली भरायला 1 मिनिट 40 सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला 12 लिटर. एका पाळीला 540 लिटर, महिन्याच्या पंधरा पाळ्यांना 8,100. माणशी दिवसाला साधारण 67 लिटर पडतं. जल जीवन मिशनच्या योजना माणशी 55 लिटर धरून आखतात, तेव्हा आमचा वापर काही उधळपट्टीचा नाही. मीटरवर याचे महिन्याला 186 रुपये होतात. ठोक पट्टी महिन्याला 200 पडते.

पण एवढं पाणी आम्हाला चारच महिने लागतं. परसात विहीर आहे. जूनपासून जानेवारीपर्यंत धुणं, भांडी, आंघोळी, गुरं सगळं विहिरीवर. नळाचं पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला, फार तर दोन युनिट. फेब्रुवारीत विहीर मचूळ व्हायला लागते आणि शिमग्यापर्यंत तोंडात घेववत नाही. म्हणजे आठ महिने 76 रुपये आणि चार महिने 186, वर्षाचे 1,352. हजारावर रुपये वाचतात. मीटर, कॉक, चेंबर आणि बसवणावळ मिळून 3,500 सांगितलेत, ते साडेतीन वर्षांत फिटतील.

कागदावर सगळं जमतं, तरी मन धजावत नाही. आमचं घर लाइनीच्या टोकाला आणि चढावर. पाणी यायच्या आधी पाच-सहा मिनिटं नळातून नुसती हवा फुसफुसत येते. त्या हवेने मीटर फिरतो असं दोघातिघांनी सांगितलं. हे खरं आहे का? असेल तर उपाय काय?

दुसरं, आमच्याच जोडणीवरून पलीकडे दिरांच्या घराला पाइप गेलाय. ते मुंबईला असतात, गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात. जोडणी अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मीटर घेतला तर त्यांच्या पाण्याचं बिल आमच्यावर येईल. भावाभावांत चार बादल्यांवरून शब्दाला शब्द नको, म्हणून आताच वेगळी जोडणी करावी का?

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त खाते. वाडीतली निम्मी घरं चाकरमान्यांची, बंद. त्यांनी मीटर घेतला की ती घरं वर्षाला 480 रुपयांत सुटतील. आमच्यासारखे विहीरवाले 1,352 देतील. पंपाचा खर्च मात्र तेवढाच. मग पुढच्या वर्षी तो कोणाकडून काढणार? खालच्या वाडीत सात-आठ घरांना विहीर नाही, बारा महिने नळच. त्यात दोन घरी म्हाताऱ्या एकट्या राहतात. आमचे हजार रुपये त्यांच्या डोक्यावर जाणार असतील तर मला ते नको आहेत.

ज्यांच्या गावात मीटर बसलेत त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

*

खाडीपल्याड:

ताई, मी चिपळूण-गुहागर पट्ट्यात प्लंबिंगची कामं करतो. हवेने मीटर फिरतो हे खरं आहे. आतल्या पंख्याला पाणी काय नि हवा काय, कळत नाही, आणि हवा तर त्याला जास्त जोरात फिरवते. मीटरच्या पुढे कॉक घ्या आणि तो एरवी बंद ठेवा. खालच्या घरात पाणी आलं असं कळलं की थोडा थांबून हळूहळू उघडा. पण खरा इलाज मेन लाइनवर, वाडीच्या सगळ्यात उंच जागी हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह. तो ग्रामपंचायतीने बसवायचा. तुमच्या अर्जातच ही मागणी लिहून द्या, तोंडी सांगून होत नाही.

मीटर आडवा बसवा, बाण पाण्याच्या दिशेला, आणि आधी गाळणी. पाइप फुटून दुरुस्त झाला की पहिल्या पाण्याला माती येते, तिने मीटर अडकतो. बसवल्यावर 200 लिटरचं पिंप भरून बघा, आकडा 0.2 ने पुढे जायला हवा. आणि पाणी चालू असताना घरातलं सगळं बंद करून मीटरवरची छोटी चकती बघा. ती फिरत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळतंय.

दिरांची जोडणी आताच वेगळी करा. नंतर चेंबर फोडायचा खर्च दुप्पट.

*

माहेरवाशीण:

तिसऱ्या मुद्द्यावर लिहिते. माझ्या माहेरी हाच प्रश्न आला होता. तिथे ग्रामसभेत ठरलं की स्थिर आकार सगळ्यांनाच 100 रुपये, बंद घरांनाही, आणि त्यात पहिले पाच युनिट धरलेले. त्यापुढे युनिटप्रमाणे. कारण घर बंद असलं तरी गणपतीला नळ सोडल्यावर पाणी यायला लाइन वर्षभर जिवंत ठेवावी लागते. एकट्या माणसाला पाच युनिट पुरून उरतात. चाकरमान्यांना फोनवर आधी समजावून सांगा, सभेत अचानक मांडू नका.

*

(मूळ धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. माहेरवाशीण, तुमच्या पद्धतीने आमचा हिशोब लगेच करून पाहिला: आठ महिने 100 आणि चार महिने 156, वर्षाचे 1,424. म्हणजे आम्हाला 72 रुपयेच जास्त. बंद घराला 480 च्या जागी 1,200, आणि खालच्या वाडीतल्या त्या दोघींना 2,400 च्या जागी 1,200. मीटरचे 3,500 त्यांनी कुठून आणायचे हे तेवढं राहतं. हप्ते मिळतात का ते विचारते.

दिरांशी रात्री बोलणं झालं. वेगळी जोडणी घेऊया म्हणाले, अर्धा खर्चही देतायत. एअर व्हॉल्व्हची मागणी आणि हा दर दोन्ही लेखी देणार आहे. तुमच्या माहेरच्या ठरावाची प्रत मिळू शकेल का? शब्द कसे घातलेत ते बघायचंय. सासऱ्यांच्या नावावरची जोडणी बदलताना वारसांची संमती कोणत्या कागदावर घेतात, हेही कोणी केलं असेल तर सांगा. सभेला बारा दिवस आहेत.