पंचगंगेच्या पाण्यासाठी जिवाणूंचे कोणते विकर (एन्झाइम) वापरावे?

प्राची (कोल्हापूर): पदवीच्या प्रकल्पासाठी जयंती नाला पंचगंगेला मिळतो तेथील आणि इचलकरंजीजवळील पाण्याची तुलना आम्ही करणार आहोत. मैलापाणी, कापड प्रक्रियेतील रसायने आणि शेतातून येणारी कीटकनाशके या तिन्हींचा शोध जिवाणूंच्या एकाच विकराने लागू शकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सूक्ष्मजीवप्रेमी: एकाच विकराने हे साधणार नाही. मैलापाण्यासाठी ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूतील बीटा-ग्लुकुरोनिडेज या विकराची चाचणी रुळलेली आहे. नमुन्यात एमयूजी हे संयुग घालून तो इन्क्युबेटरमध्ये ठेवला, की ई. कोलाय असल्यास त्याचे विकर त्या संयुगाचे विघटन करते आणि सुमारे ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात नमुना निळसर चमकतो. येथे विकर बाहेरून घालावे लागत नाही. ते त्या जिवाणूचेच असते.

रसायनांच्या एकूण विषारीपणासाठी अॅलीव्हिब्रिओ फिशेरी या चमकणाऱ्या समुद्री जिवाणूचे ल्युसिफरेज हे प्रकाश निर्माण करणारे विकर उपयोगी पडते. जिवाणूची चयापचय क्रिया मंदावली, की त्याचा प्रकाश घटतो. आयएसओ ११३४८ या मानकानुसार १५ अंश सेल्सिअसला, साधारणतः १५ किंवा ३० मिनिटांनी ही घट मोजतात. त्यासाठी नदीच्या पाण्यात सुमारे २ टक्के मीठ घालावे लागते. इचलकरंजीच्या नमुन्यात रंगद्रव्ये असतील तर ती स्वतःच प्रकाश शोषतात आणि पाणी आहे त्याहून अधिक विषारी भासते, म्हणून रंगासाठीची दुरुस्ती केल्याशिवाय तो आकडा अहवालात लिहूच नये. शिवाय घट दिसली तरी ती नेमक्या कोणत्या रसायनामुळे झाली, हे या चाचणीतून कळत नाही.

शेतीरसायन: कीटकनाशकांबाबत एक भर. ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्युटा या जिवाणूतील ऑर्गनोफॉस्फरस हायड्रोलेज हे विकर मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकाचे विघटन करून पिवळे पॅरा-नायट्रोफिनॉल तयार करते आणि तो रंग सुमारे ४०० नॅनोमीटरला मोजता येतो. परंतु क्लोरपायरिफॉस या दुसऱ्या कीटकनाशकावर हे विकर फार संथ चालते आणि त्यातून तो पिवळा रंग मिळतही नाही. त्यामुळे रंग आला नाही म्हणजे कीटकनाशक नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. पदवीच्या प्रकल्पात मी हा भाग वगळला असता.

प्राची: मनःपूर्वक आभार. मग पहिल्या दोनच चाचण्या करतो. नमुने या दोन ठिकाणचेच पुरेसे होतील का?

सूक्ष्मजीवप्रेमी: पुरेसे होणार नाहीत. इचलकरंजी प्रवाहाच्या खालच्या बाजूस असल्याने कोल्हापूरचे सांडपाणी तेथील नमुन्यातही मिसळलेले असणार. त्यामुळे शहराच्या वर प्रयाग चिखली येथील एक आणि इचलकरंजीच्या अगदी वरच्या बाजूचा एक, असे आणखी दोन नमुने घ्यावेत. बाटल्या निर्जंतुक असाव्यात आणि नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी तपासावेत.