एकाच बोअरवेलचं पाणी बॉयलर, कूलिंग टॉवर, कँटीन आणि संडासाला: सगळ्यांना आरओ लावावा का?

देखभाल_विभाग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. छोटा कारखाना, पाण्याचा स्रोत एकच बोअरवेल. रिपोर्ट असा: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९००, हार्डनेस (थर धरणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम) ४५०, अल्कलिनिटी (आम्ल शोषणारे क्षार) ३००, सिलिका ४०, लोह ०.५ (सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर).

वापर:
– बॉयलर: ताशी १ टन वाफ, १० बार, रोज १० तास
– कूलिंग टॉवर (गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा): ताशी ५० घनमीटर फिरतं पाणी, ५ अंशांचा फरक
– ६० माणसांचे संडास, कँटीन, फरशी धुणं, थोडी बाग

सध्या २०० लिटर रेझिनचा (हार्डनेस धरणाऱ्या मण्यांचा) एकच सॉफ्टनर आहे आणि सगळीकडे त्याचंच पाणी जातं. रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करणं) रोज सकाळी. तरीही बॉयलरच्या ट्यूबवर थर धरतोय, ब्लोडाउन (बॉयलरमधलं क्षार साठलेलं पाणी बाहेर सोडणं) सतत द्यावं लागतं आणि बागेतली झाडं सुकताहेत. सगळ्यासाठी एक मोठा आरओ लावला तर प्रश्न सुटेल का?

वाफ_आणि_पाणी

मोठा आरओ नंतर बघू. आधी सॉफ्टनरचा हिशोब मांडा, थर का धरतोय ते त्यातच कळतं.

१ लिटर रेझिन एका रिजनरेशनमध्ये साधारण ५० ग्रॅम हार्डनेस धरतं, तेही लिटरमागे १५० ग्रॅमच्या आसपास मीठ दिलं तर. म्हणजे २०० लिटर रेझिन १० किलो हार्डनेस धरणार. तुमच्या प्रत्येक घनमीटर पाण्यात ४५० ग्रॅम हार्डनेस आहे, म्हणजे २२ घनमीटरला रेझिन संपलं. बॉयलर, टॉवर, संडास, फरशी धरून तुमचा रोजचा वापर ३० च्या आसपास जात असणार. याचा अर्थ दुपारनंतर बॉयलरमध्ये थेट कच्चं पाणी जातंय. घड्याळावर रिजनरेशन करू नका, किती पाणी गेलं त्या मीटरवर करा, आणि दर दोन तासांनी हार्डनेसची टेस्ट घ्या. त्यात लोह ०.५ म्हणजे रेझिनवर गंज बसून क्षमता आणखी घटते. सॉफ्टनरच्या आधी लोहाचा फिल्टर हवाच.

आता ब्लोडाउन. सॉफ्टनर टीडीएस कमी करत नाही, फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम घालतो. बॉयलरच्या आतला टीडीएस ३५०० पर्यंत ठेवायचा तर ९०० च्या फीडवर (आत जाणाऱ्या पाण्यावर) ब्लोडाउन होतं ९०० ÷ (३५०० − ९००), म्हणजे वाफेच्या ३५ टक्के. दिवसाला जवळपास साडेतीन टन पाणी १८० अंशांच्या वर तापवून गटारात! ब्लोडाउन कमी दिलं तर पाणी फेसाळून वाफेबरोबर क्षार उडणार. आरओचं ५० टीडीएसचं पाणी दिलं की तोच आकडा दीड टक्क्यावर येतो. म्हणून आरओ हवा तो मुख्यतः बॉयलरसाठी. संडासाला आरओचं पाणी देणं म्हणजे निव्वळ नासाडी.

कंडेन्सेट (वापरलेली वाफ थंड होऊन झालेलं पाणी) परत घेता का? त्याचं उत्तर आधी द्या.

टॉवर_देखभाल

टॉवरचा हिशोब मी देतो. बाष्पीभवन = ०.००१५३ × फिरतं पाणी × तापमानाचा फरक, म्हणजे तुमचं ताशी ०.३८ घनमीटर. ब्लीड (टॉवरमधून मुद्दाम सोडायचं पाणी) = बाष्पीभवन ÷ (सायकल − १). सायकल म्हणजे टॉवरमधले क्षार ताज्या पाण्याच्या किती पट झाले ते, आणि मेकअप म्हणजे टॉवरला घालावं लागणारं ताजं पाणी. सायकल २ असेल तर मेकअप ताशी ०.७६, ३ ला ०.५७, ४ ला ०.५१, ६ ला ०.४६. पाचाच्या पुढे फारसं पाणी वाचत नाही, धोका मात्र वाढत जातो.

गॅल्व्हनाइज्ड टॉवरला शंभर टक्के सॉफ्ट पाणी देऊ नका. कॅल्शियम जवळपास शून्य आणि अल्कलिनिटी चढलेली, अशा पाण्यात जस्ताचा थर पांढरी पूड होऊन सुटतो. उलट कच्चं पाणी ३ सायकलला नेलं तर हार्डनेस १३५० आणि अल्कलिनिटी ९००, मग कंडेन्सरमध्ये चुन्याचा थर नक्की. गरम नळीच्या भिंतीला कॅल्शियम कार्बोनेट आधी चिकटतं, कारण तापलेल्या पाण्यात ते कमी विरघळतं.

मधला मार्ग: निम्मं आरओ, निम्मं लोह काढलेलं कच्चं. टीडीएस ४७५, हार्डनेस २३०, अल्कलिनिटी १६० च्या आसपास मिळेल. ३ सायकल ठेवा, स्केल रोखणारं केमिकल द्या आणि ब्लीड व्हॉल्व्ह कंडक्टिव्हिटीवर (क्षारांबरोबर वाढणाऱ्या विद्युतवाहकतेवर) चालवा, साधारण २२०० मायक्रोसीमेन्सला उघडेल असा. हाताने उघडायचा व्हॉल्व्ह एक तर विसरला जातो नाही तर दिवसभर वाहतो.

आणि बायोसाइड (जंतू मारणारं केमिकल) चुकवू नका. २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला (न्यूमोनिया करणारा जिवाणू) वाढतो आणि टॉवरच्या तुषारांतून थेट श्वासात जातो. ड्रिफ्ट एलिमिनेटर (तुषार अडवणाऱ्या पट्ट्या) फुटके असतील तर ते पहिल्यांदा बदला.

देखभाल_विभाग

कंडेन्सेट सध्या सोडून देतो. जॅकेटला (भांड्याभोवतीच्या वाफेच्या आवरणाला) भोक पडलं तर माल बॉयलरमध्ये येईल ही भीती. अंदाजे ६० टक्के परत येऊ शकतं.

वाफ_आणि_पाणी

भीती रास्त आहे, पण त्यासाठी सगळं कंडेन्सेट सोडायची गरज नाही. परतीच्या लाइनवर कंडक्टिव्हिटी सेन्सर आणि तीन-तोंडी व्हॉल्व्ह बसवा, आकडा चढला की पाणी गटाराकडे वळेल. तेल किंवा साखर असेल तर कंडक्टिव्हिटी फारशी हलत नाही, तिथे गढूळपणाचा सेन्सर लावा किंवा त्या भांड्याचं कंडेन्सेट वेगळंच सोडा.

६० टक्के परत आलं तर रोजच्या १० टन वाफेला आरओचं पाणी लागेल ४ घनमीटरच्या थोडं वर. टॉवरला निम्मं म्हणजे २.९, कँटीनला अर्धा. एकूण साडेसात. ताशी १००० लिटरचा आरओ पुरेसा आहे.

क्रम असा ठेवा: बोअर → लोहाचा फिल्टर → तुमचा आहे तोच सॉफ्टनर → ५ मायक्रॉन काडतूस → आरओ. ६५ टक्के रिकव्हरीला (फीडपैकी शुद्ध होऊन मिळणारा भाग) फीड साडेअकरा घनमीटर लागेल. सॉफ्टनर मीटरवर १८ घनमीटरला रिजनरेट करा, दीड दिवस चालेल. बोअरच्या टाकीत क्लोरीन टाकत असाल तर आरओच्या आधी कार्बन फिल्टर हवा, मेम्ब्रेन क्लोरीनने कायमची जाते.

आरओ सुरू झाल्यावर बॉयलरचे जुने डोस तसेच चालवू नका. आतापर्यंत कच्च्या पाण्याच्या अल्कलिनिटीनेच पीएच चढलेला राहत होता, आता ती येणार नाही. कॉस्टिक किंवा फॉस्फेट देऊन बॉयलरचं पाणी १०.५ ते ११.५ मध्ये ठेवावं लागेल. फीड टँक ८५-९० अंशांवर ठेवा: २५ अंशांला विरघळलेला ऑक्सिजन ८ पीपीएमच्या (मिलिग्रॅम प्रति लिटर) आसपास असतो, ९० ला दीडवर येतो. उरलेल्यासाठी सल्फाइट, १ पीपीएम ऑक्सिजनला ८ पीपीएम, वर थोडं जास्तीचं. टँक पंपापेक्षा पुरेसा उंच नसेल तर एवढं गरम पाणी पंपात उकळून खडखडाट करेल, ते आधी तपासा. आरओपासून पुढे जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप नको, हे पाणी आम्लाकडे झुकतं आणि जस्त खातं. सीपीव्हीसी किंवा स्टेनलेस घ्या.

जलशुद्धी_कट्टा

रिजेक्टचं (आरओ बाहेर टाकतो त्या क्षारयुक्त पाण्याचं) कोणी बोललं नाही. रोज ४ घनमीटर निघेल, टीडीएस २५०० च्या वर. ६० माणसांना फ्लशचं माणशी ३० लिटर धरलं तर १.८ घनमीटर तिथेच जातं, उरलेलं फरशीच्या पहिल्या धुण्याला. आरओच्या आधी सॉफ्टनर असल्याने या रिजेक्टमध्ये कॅल्शियम नसेल, त्यामुळे फ्लशच्या टाक्यांत थर धरणार नाही. बागेला मात्र एक थेंबही नको. झाडं आत्ता सुकताहेत ती सोडियममुळेच: माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. बागेला सरळ कच्चं पाणी द्या, त्यातला कॅल्शियम मातीला चालतो. सॉफ्टनरच्या रिजनरेशनचं खारं पाणी यातल्या कशातच मिसळू नका.

कँटीनचा सॉफ्टनरचा नळ आजच बंद करा. ४५० हार्डनेस बदलताना लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम येतं, रक्तदाबाच्या माणसांना ते वाईट. आरओच्या पाण्यात थोडं कच्चं मिसळून टीडीएस १५० च्या आसपास आणता येईल, पण त्याआधी बोअरमधलं नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक तपासून घ्या आणि मिसळल्यावर यूव्हीतून काढा. पिण्याच्या टाकीत येणारा पाइप ओव्हरफ्लोच्या वर ठेवा, पाण्यात बुडता कामा नये. रिजेक्टच्या लाइनला वेगळा रंग द्या आणि तिच्यावर हात धुण्याचा नळ कुठेही काढू नका.

लॅबचं काही पाणी किंवा फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या असतील तर त्यांना आरओ पुरत नाही, छोटा डीएम (उरलेले क्षारही काढणारा) कॉलम लावा.