डेन्मार्कमध्ये हिवाळ्यात गळ टाकायचाय – सी ट्राउटचे नियम, जागा आणि वडिलांना सोबत नेण्याबद्दल मदत हवी आहे

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. रोस्किल्डला राहतो, मूळचा देवगडकडचा. गावी घर खाडीला लागून, त्यामुळे गळ, गरी, पाग हे सगळं हाताखालचं. इथे उन्हाळ्यात बांगडा आणि हॉर्नफिश मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण नोव्हेंबर उजाडला की माझं गणित चुकायला लागतं. फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याच्या काठाला छातीपर्यंतचे वेडर्स (बुटांसकट जलरोधक विजार) घालून उभी राहिलेली डॅनिश माणसं रोज दिसतात, त्यांना चंदेरी सी ट्राउट (समुद्रात वाढून विणीला नदीत जाणारा मासा) मिळते, आणि मी त्यांच्याच शेजारी उभा राहून नुसता चमचा (गळाचं चकाकतं धातूचं आमिष) धुतो.

फिस्केटाइन, म्हणजे सरकारी परवाना, वर्षाचा काढलेला आहे. प्रश्न पुढचे आहेत.

पहिला म्हणजे बंदीचा. एक सहकारी म्हणतो नोव्हेंबर ते जानेवारी ट्राउट धरायचीच नाही. दुकानदार म्हणतो खुशाल धर. दोघेही जन्मापासून इथलेच, मग खरं कोणाचं?

दुसरा, जागा आणि वेळ कशी ठरवायची? गावी तिथी बघितली की पुरे, भांग का उधाण ते कळतं आणि त्याप्रमाणे निघायचं. इथे भरतीचा तक्ता बघून गेलो तरी काठाला पाणी जिथल्या तिथे.

तिसरा आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाचा: बाबा जानेवारीत येताहेत. वय ७२, तब्येत ठणठणीत. आल्याआल्या पहिलं विचारणार, "तुमच्याकडे मासा कुठे लागतो?" त्यांना परवाना लागेल का? आणि या थंडीत कुठे न्यावं? माहितगारांनी कृपया सांगावं.

ओडेन्सकर

तुमचा सहकारी आणि दुकानदार दोघेही बरोबर आहेत, फक्त एक नदीबद्दल बोलतोय आणि दुसरा समुद्राबद्दल.

गोड्या पाण्यात १६ नोव्हेंबर ते १५ जानेवारी ट्राउट आणि सामनला पूर्ण बंदी. हा त्यांच्या विणीचा काळ. बऱ्याच नद्यांवर बंदी याहून लांब चालते, त्यामुळे गुडेनो किंवा स्केर्न ओसारख्या नदीवर जायचं तर तिथल्या क्लबचे नियम आधी वाचा. तसंही नदीवर नुसता सरकारी परवाना पुरत नाही, काठाचा हक्क ज्याचा त्याच्याकडून दिवसाचं कार्ड घ्यावं लागतं. तळ्यांचंही तेच.

समुद्रात आणि फ्योर्डमध्ये त्याच तारखांना बंदी आहे ती फक्त 'रंगलेल्या' माशाला, म्हणजे विणीच्या पेहरावातल्या. चंदेरी मासा हिवाळाभर चालतो, किमान ४० सेंटीमीटर. आता हे ओळखायचं कसं? रंगलेला मासा तपकिरी-पिवळट दिसतो, नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वर वळलेला असतो, आणि हात फिरवला तरी खवलं सुटत नाहीत, कातडीत रुतल्यासारखी घट्ट. चंदेरी मासा हातात घेतला की तळव्याला खवलं चिकटतात. मनात जराही शंका आली तर पाण्यातच गरी काढा आणि सोडून द्या. मासा वर उचलून कोरड्या हाताने चाचपत बसू नका.

जानेवारीनंतर तिसरा प्रकार भेटतो, अंडी घालून नदीतून परत आलेला. हा पुन्हा चंदेरी झालेला असतो, त्यामुळे नवीन माणूस फसतो. डोकं मोठं, अंग लांबुळकं आणि पोट आत गेलेलं, शेपटीच्या कडा झिजलेल्या. कायद्यात बसत असला तरी मांस बेचव, पाणचट. इथली जुनी मंडळी असा मासा सोडतात, मीही सोडतो.

आणखी एक, हे फार जणांना माहीत नसतं. ओढा किंवा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे मुखापासून ५०० मीटरचा राखीव पट्टा असतो. काही ठिकाणी वर्षभर, काही ठिकाणी १६ सप्टेंबर ते १५ मार्च. आपल्याकडे खाडीचं तोंड म्हणजे हुकमी जागा, म्हणून पाय आपोआप तिकडे वळतात. नकाशा बघूनच उभे राहा.

आता जागा. तुम्ही रोस्किल्डला आहात म्हणजे नशीबवान आहात! पाणी तीन-चार अंशांवर आलं की सी ट्राउटला खऱ्या खारट पाण्यात अंगातल्या मिठाचा तोल सांभाळणं जड जातं. म्हणून पूर्ण वाढ न झालेल्या, त्या वर्षी न विणाऱ्या चंदेरी ट्राउट कमी खारट फ्योर्डमध्ये शिरतात. इथे त्यांना 'ग्रोनलेंडर' म्हणतात. रोस्किल्ड फ्योर्ड, ईसेफ्योर्ड आणि आमच्याकडे ओडेन्स फ्योर्ड हे त्यांचे हिवाळी मुक्काम. उघड्या किनाऱ्यावर डिसेंबरात मारामारी करण्यापेक्षा आत, उथळ आणि काळपट तळाच्या कोपऱ्यात शोधा. काळा तळ ऊन धरतो, अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी मासा तिकडे सरकतो.

भरतीचा तक्ता फेकून द्या. बाल्टिकच्या बाजूला भरती-ओहोटी नावालाच आहे, पाण्याची पातळी वारा ठरवतो. सलग दोन दिवस एकाच दिशेने वारा सुटला की पाणी चढलेलं किंवा उतरलेलं दिसेल. तिथीऐवजी वाऱ्याचा अंदाज बघायची सवय लावा. वेळही उलटी आहे: पहाटेची झोप मोडू नका, भर हिवाळ्यात अकरा ते तीन हाच धंद्याचा वेळ. चारला तर अंधारच पडतो.

आणि चमचा हळू ओढा. आपल्याला वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने, मध्ये थांबून थांबून. थंडीत मासा पाठलाग करत नाही. गुलाबी किंवा नारिंगी, कोळंबीसारखं दिसणारं काहीतरी लावा. 'पॅटेग्रीसेन' नावाची गुलाबी, कोळंबीसारखी दिसणारी बनावट आमिष-माशी इथल्या प्रत्येकाच्या डबीत असते, ती उगाच नाही.

मत्स्यगंधा

ओडेन्सकरांनी माशाचं सांगितलं, मी माणसाचं सांगते. वेडर्सवर कमरेचा पट्टा घट्ट बांधल्याशिवाय पाण्यात उतरू नका. पाय घसरला तर पट्ट्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. फुगणारं लाइफ जॅकेट घाला आणि एकट्याने जाऊ नका. तीन अंशांच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासच ताब्यात राहत नाही, पट्टीचे पोहणारेही तिथे फसतात. मालवणात पोहायला शिकलोय, काय होतंय, असं म्हणणारा एक नातेवाईक आमच्या घरात आहे म्हणून मुद्दाम लिहितेय.

तळी गोठली तरी बर्फावर जाऊ नका. इथला बर्फ क्वचितच भरवशाचा असतो. पालिकेने परवानगी दिल्याची पाटी दिसेपर्यंत काठावरूनच बघायचं.

शून्याखाली रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो. नखाने फोडलात तर कडी तुटते. रॉडचं टोक पाण्यात बुडवून धरा, पाणी हवेपेक्षा गरम असतं, बर्फ सुटतो. विणलेली दोरी पाणी शोषून आणते, त्या दिवसांत साधी नायलॉनची बरी.

खाडीकाठचा

ओडेन्सकर, मत्स्यगंधा, मनापासून आभार. वाऱ्याचं कोणीच सांगितलं नव्हतं. आता बाबांचं तेवढं सांगा. आणि एक उपप्रश्न: त्यांना जिवंत आमिषाची सवय आहे. जिताड्याला जिवंत बोय लावल्याशिवाय त्यांना गळ टाकल्यासारखंच वाटत नाही. इथे चालतं का?

ओडेन्सकर

जिवंत मासा आमिष म्हणून लावायला डेन्मार्कमध्ये बंदी आहे. मेलेला चालतो. पाइकसाठी (गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) लोक मेलेलं रोच, म्हणजे एक लहान मासा, फ्लोटखाली (तरंगत्या बोंडाखाली) लावून तळ्यात बसतात, आणि ते बाबांना आवडेलही. पाइक गोड्या पाण्यात किमान ६० सेंटीमीटर, आणि एप्रिल महिना बंद. गांडूळ आणि समुद्रकिड्यांना काही हरकत नाही.

परवान्याचं म्हणाल तर अठराच्या खालचे आणि इथल्या पेन्शनच्या वयाच्या पुढचे यांना तो लागत नाही. ७२ म्हणजे बाबा सुटले. तळ्याचं किंवा नदीचं कार्ड मात्र त्यांनाही लागेलच.

त्यांना पाण्यात उतरवू नका. पहिल्या दिवशी 'पुट अँड टेक' तळ्यावर न्या. खाजगी तळं असतं, तासांप्रमाणे पैसे, आत रेनबो ट्राउट सोडलेली, बहुतेक ठिकाणी गाडी काठापर्यंत जाते. तिथे सरकारी परवाना कोणालाच लागत नाही. निसर्गात धरल्याचं समाधान नाही हे मान्य, पण रेनबो थंड पाण्यातही खाते आणि बाबांच्या हाताला मासा लागेल. धरलेला परत सोडायचा नाही असा नियम बऱ्याच तळ्यांवर असतो, दारावरची पाटी वाचा. तळं गोठलं तर बंद, म्हणून निघण्याआधी फोन करा.

दुसऱ्या दिवशी हेल्सिंगोर, समुद्राकाठचं शहर. धक्क्यावरून हेरिंग. एका दोरीला पाच-सहा बारीक गऱ्या, खाली वजन, वरखाली करत राहायचं. थवा आला की एका खेपेला तीन-तीन. वारा झोंबतो, पण उभं राहायला सपाट धक्का आहे आणि गरम कॉफी दोन मिनिटांवर. कॉड लागला तर मात्र सोडावा लागेल, त्या पट्ट्यात हौशी लोकांना कॉड धरायला २०२४ पासून बंदी आहे.

गोडंपाणी

हेरिंग आपल्या तारलीच्याच घराण्यातला, काटे आहेत पण चव आहे. त्रिफळं बॅगेतून आणायला सांगा बाबांना.

खाडीकाठचा

त्रिफळं यादीत आधीच आहेत :) बाबांना फोन करून सांगितलं. जिवंत बोय चालत नाही म्हटल्यावर जरा नाराज झाले, मग विचारलं, "वारा कुठचा बघायचा?" म्हणजे तयारी सुरू झाली. ओडेन्सकर, रोस्किल्डच्या बाजूला पुट अँड टेकचं एखादं तळं माहीत असेल तर व्यनि करा. वेडर्स नवे घ्यायचे की पहिला हिवाळा जुन्यावर काढायचा, तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

मत्स्यगंधा

जुने चालतील, पण घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून बघा. जिथून उजेड दिसेल तिथून पाणी येणार. आणि निओप्रीनचेच घ्या, आत लोकरी मोजे दोन जोड घालता येतील इतके सैल. बूट आवळला की पाय आधी गारठतो.